वाचकांचे प्रश्न : बुलेटिन बोर्डाच्या छोट्या युटिलिटीची देखभाल

बुलेटिन बोर्ड म्हणजे फोनवरून मॉडेमने जोडून घेऊन संदेश आणि फाईली देण्या-घेण्याचा संगणक. शिकागोमध्ये वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांचा असा बोर्ड, सीबीबीएस, १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू झाला. तेव्हापासून बोर्ड चालवणाऱ्याच्या, म्हणजे सिसॉपच्या, मदतीला लहान लहान प्रोग्रॅम आले : अपलोड तपासणारे, कॉलर्सची, म्हणजे बोर्डावर येणाऱ्यांची, यादी काढणारे, नोडलिस्ट (इतर बोर्डांची यादी) अद्ययावत करणारे. आता मॉडेमची जागा इंटरनेटवरच्या टेलनेट जोडणीने घेतली आहे, पण हौसेने चालणाऱ्या बोर्डांवर हे प्रोग्रॅम अजून रोज रात्री चालतात आणि कोणीतरी ते सांभाळत असते. अशा सांभाळणाऱ्यांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : टर्बो पास्कल ७ मध्ये लिहिलेली आमची कॉलर-यादीची युटिलिटी नव्या मशीनवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडते. हा एरर शून्याने भागल्याचा. पण आमच्या कोडमध्ये भागाकार कुठेच नाही!

उत्तर : भागाकार टर्बो पास्कलच्या सीआरटी (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या) युनिटमध्ये आहे. ‘डिले’ या प्रोसीजरला एक मिलिसेकंद म्हणजे किती फेऱ्या हे माहीत असावे लागते. त्यासाठी हे युनिट सुरू होतानाच टायमरच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामी लूप किती वेळा फिरते ते मोजते आणि त्या आकड्याला ५५ ने भागते. वेगवान प्रोसेसरवर, साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे, उत्तर १६ बिटांत मावत नाही. भागाकाराचे उत्तर मावले नाही तरी प्रोसेसर तोच इंटरप्ट उठवतो जो शून्याने भागल्यावर उठतो, आणि टर्बो पास्कल त्याला एरर २०० म्हणते. हे सगळे तुमच्या मुख्य प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधी घडते, म्हणून तिथे कितीही तपासण्या घातल्या तरी उपयोग होत नाही.

सोर्स हाताशी असेल तर दुरुस्त केलेले सीआरटी युनिट घेऊन पुन्हा कंपाइल करा. यात एक गोष्ट हमखास राहून जाते. कंपायलर आधी टर्बो.टीपीएल या लायब्ररीत पाहतो, आणि जुने सीआरटी तिथेच बसलेले असते. नवे युनिट शेजारच्या डिरेक्टरीत ठेवल्याने काहीच बदलत नाही. टीपीयूमूव्हर वापरून लायब्ररीतून जुने सीआरटी काढा, मग कंपाइल करा. सोर्स नसेल तर तयार ईएक्सई फाईल पॅच करता येते. मात्र ती पीकेलाइट किंवा एलझेडईएक्सईने दाबलेली असेल तर आधी उलगडावी लागते, आणि प्रोग्रॅम स्वतःचाच सीआरसी (फाईल बदलली का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) तपासत असेल तर पॅच केल्यावर तो चालायला नकार देईल. डॉसबॉक्स या डॉस एम्युलेटरमध्ये चालवत असाल तर काहीही पॅच न करता सायकल्स ‘मॅक्स’वरून ५००० वर आणून पाहा. यादी काढण्याच्या कामाला एवढा वेग पुरतो.

६४-बिट विंडोजवर मात्र १६-बिट डॉस प्रोग्रॅम मुळात सुरूच होत नाहीत, पॅच असो वा नसो. तिथे डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर घ्यावा किंवा प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणावा.

प्रश्न : अपलोड तपासणारी आमची युटिलिटी आजवर चार एररलेव्हल (बंद होताना बॅच फाईलसाठी मागे ठेवायचे आकडे) देत आली : ० म्हणजे काही नवे नाही, १ नवी फाईल ठीक, २ झिप खराब, ३ कॉन्फिग सापडली नाही. आता व्हायरस तपासणी जोडली आहे. त्यासाठी ४ द्यावा का?

उत्तर : देऊ नका. बॅच फाईलमधल्या ‘इफ एररलेव्हल ३’ याचा अर्थ ‘३ किंवा त्याहून जास्त’ असा असतो. तुमचे वापरणारे त्यांच्या बॅच फाईलमध्ये आधी ३, मग २, मग १ असे उतरत्या क्रमाने तपासत असणार, कारण ती तशीच तपासावी लागते. तुमचा नवा ४ त्यांच्याकडे पहिल्याच ओळीत अडकेल आणि ‘कॉन्फिग सापडली नाही’ या लेबलवर जाईल. संसर्ग झालेली फाईल अपलोड डिरेक्टरीत तशीच पडून राहील आणि सिसॉप सकाळी कॉन्फिग शोधत बसेल.

संसर्ग झालेल्या फाईलचे करायचे काय, तर बाजूला काढायची. खराब झिपचेही तेच करतात. म्हणून तिला २ च द्या आणि खरे कारण लॉगमध्ये लिहा. ज्यांना वेगळा कोड हवाच आहे त्यांच्यासाठी कमांड लाइनवर एक नवा स्विच ठेवा. तो दिला तरच वेगळा कोड निघेल. जुनी बॅच फाईल न बदलता नवी आवृत्ती चालली पाहिजे, ही अट कधीही सोडू नये. तुमची युटिलिटी रात्री तीन वाजता चालते आणि तेव्हा पडद्यावरचा संदेश वाचायला कोणी जागे नसते. एररलेव्हल वाचणारी बॅच फाईल तेवढी असते.

तुमच्या यादीत याहून गंभीर दोष आहे. प्रोग्रॅम टर्बो पास्कलमध्ये असेल तर रनटाइम एररचा आकडाच एररलेव्हल म्हणून बाहेर जातो. ‘फाईल सापडली नाही’ हा रनटाइम एरर २ आहे, ‘पाथ सापडला नाही’ हा ३. म्हणजे एखादी तात्पुरती फाईल उघडता आली नाही म्हणून प्रोग्रॅम कोसळला, तरी बॅच फाईलला वाटेल झिप खराब आहे, आणि ती एक चांगला अपलोड पुसून टाकेल. उपाय असा : एक छोटे युनिट लिहा, त्यात एक्झिटप्रॉक, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना चालणारी प्रोसीजर, बसवा. एररअॅड्र (एरर आला तो पत्ता) निल नसेल तर त्या प्रोसीजरने एररचा आकडा आणि पत्ता लॉगमध्ये लिहावा, एररअॅड्र निल करावा आणि एक्झिटकोड २५० ठेवावा. हे युनिट यूझेस यादीत सीआरटीच्या आधी लिहा, म्हणजे पहिल्या प्रश्नातला एरर २०० सुद्धा त्याच जाळ्यात येईल. २५० आले तर काहीही न पुसता थांबायचे, हे दस्तऐवजात ठळक लिहा आणि नमुना बॅच फाईलमध्ये पहिली तपासणी तीच ठेवा.

नवी युटिलिटी सुरुवातीपासून लिहित असाल तर कोड १०, २०, ३० असे अंतर ठेवून द्या. मधल्या जागा पुढे कामी येतात.

प्रश्न : की-प्रेसची वाट पाहताना आमचा प्रोग्रॅम प्रोसेसर पूर्ण खातो. इलाज?

उत्तर : वाट पाहणाऱ्या लूपमध्ये दर फेरीला टाइम स्लाइस सोडा. डॉस प्रोग्रॅममध्ये इंटरप्ट २एफ, एएक्समध्ये १६८० (दोन्ही हेक्स). फ्री पास्कलमध्ये ‘स्लीप’ला २० मिलिसेकंद दिले तरी पुरे.

प्रश्न : युटिलिटी टर्बो पास्कलवरून फ्री पास्कलवर आणली. एकही एरर न येता कंपाइल झाली, पण यूझर फाईल वाचताना पहिले नाव बरोबर येते आणि पुढचे सगळे कचरा. मोड डेल्फी ठेवला आहे.

उत्तर : पहिले नाव बरोबर आणि पुढे कचरा, म्हणजे रेकॉर्डची लांबी जुळत नाही. उदाहरण घेऊन मोजू. समजा रेकॉर्डमध्ये ३५ अक्षरांची दोन नावे आहेत, मग वर्ड प्रकारची सिक्युरिटी लेव्हल, इंटिजर प्रकारची कॉल्सची संख्या, लाँगइंट तारीख आणि रिअल प्रकारचे क्रेडिट. टर्बो पास्कलमध्ये ३५ अक्षरांची स्ट्रिंग ३६ बाइट घेते, कारण पहिला बाइट लांबीचा असतो. म्हणून ३६ अधिक ३६ अधिक २ अधिक २ अधिक ४ अधिक ६, एकूण ८६ बाइट. टर्बो पास्कल रेकॉर्डच्या फील्डांमध्ये रिकामी जागा कधीच सोडत नाही.

फ्री पास्कलच्या डेल्फी मोडमध्ये इंटिजर ४ बाइटांचा होतो आणि रिअल ८ बाइटांचा. वर साधे ‘रेकॉर्ड’ लिहिले असेल तर कंपायलर फील्ड सोयीच्या पत्त्यावर बसवण्यासाठी मधे जागाही सोडतो. ‘पॅक्ड रेकॉर्ड’ लिहून ती जागा गेली तरी बेरीज ९० येते. म्हणून तिन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात : ‘पॅक्ड रेकॉर्ड’ लिहा, इंटिजरच्या जागी स्मॉलइंट लिहा, आणि रिअलच्या जागी ६ बाइटांचा अॅरे ठेवा. स्ट्रिंगची कमाल लांबी चौकटी कंसात लिहिलेली असू द्या. नुसते ‘स्ट्रिंग’ असेल तर कंपायलरच्या सेटिंगनुसार तिथे मजकुराऐवजी पॉइंटर बसू शकतो.

सहा बाइटांचा जुना रिअल उलगडणे कठीण नाही. पहिला बाइट घातांक. तो ० असेल तर संख्या ०. नसेल तर त्यातून १२९ वजा करा, ती २ ची घात. शेवटच्या, म्हणजे सहाव्या, बाइटचा सर्वांत वरचा बिट चिन्हाचा. उरलेले ३९ बिट अपूर्णांकाचे. सहाव्या बाइटमधले सर्वांत वजनदार, दुसऱ्यातले सर्वांत हलके. त्या अपूर्णांकाच्या पुढे १ धरायचा. परत लिहितानाही याच रीतीने लिहा. सोय म्हणून डबल लिहिलात तर ती फाईल वाचणारे बोर्डावरचे बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद पडतील.

आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच दोन तपासण्या घाला. साइझऑफ ८६ आहे का? फाईलच्या लांबीला ८६ ने निःशेष भाग जातो का? ४०० यूझर असतील तर फाईल ३४,४०० बाइटांचीच हवी. यातली एक जरी चुकली तरी लिहिण्यासाठी फाईल उघडू नका, संदेश देऊन बाहेर पडा. चुकीच्या लांबीने वाचले तर पडद्यावर कचरा दिसेल, एवढेच. चुकीच्या लांबीने एकदा लिहिले तर यूझर फाईल गेली.

प्रश्न : दोन नोडवर, म्हणजे बोर्डाच्या दोन लाइनींवर, एकाच वेळी दोन कॉलर असले की आमच्या डाउनलोड-मोजणीत एकाची नोंद हरवते. फाईलमोड ६६ ठेवला आहे, तरीही.

उत्तर : फाईलमोड ६६ म्हणजे वाचणे-लिहिणे (२) अधिक ‘कोणालाही अडवू नका’ (६४). त्याने दोन्ही नोडना फाईल उघडता येते, एवढेच होते. तो कुलूप नाही. नोड १ ने आकडा ४१ वाचला, नोड २ ने पण ४१ वाचला, दोघांनी ४२ लिहिले. एक डाउनलोड हरवले.

क्रम असा हवा : आधी रेकॉर्ड लॉक करा, *मग* वाचा, बदला, लिहा, आणि लॉक सोडा. वाचून झाल्यावर लॉक करणारे प्रोग्रॅम बरेच दिसतात, आणि त्यांचा लॉक असून नसल्यासारखा असतो. लॉक मिळाला नाही तर १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा. वीस वेळा नाही मिळाला तर नोंद लॉगमध्ये ठेवून बाहेर पडा. अनंत वाट पाहणारी युटिलिटी नोड अडवून बसते. लॉक धरून ठेवलेला असताना कॉलरला प्रश्न विचारू नका. तो चहाला उठून गेला तर सगळा बोर्ड त्याच्यासाठी थांबेल.

खऱ्या डॉसवर रेकॉर्ड-लॉकिंगसाठी ‘शेअर’ हा डॉसचा प्रोग्रॅम लोड केलेला असावा लागतो. एम्युलेटरच्या दोन खिडक्यांत दोन नोड चालत असतील तर लॉकिंगवर विसंबू नका, सेमाफोर फाईल (ती आहे तोवर काम दुसऱ्याच्या हातात, अशी खुणेची फाईल) वापरा. ती ‘नसेल तरच तयार कर’ या पद्धतीनेच तयार झाली पाहिजे : डॉसमध्ये इंटरप्ट २१ चे फंक्शन ५बी, सीमध्ये ओपनला क्रिएटबरोबर एक्सक्लुझिव्ह फ्लॅग. ‘आधी आहे का पाहा, नसेल तर रीराइट करा’ यात पाहणे आणि करणे यांच्या मधे फट राहते, आणि दोन नोड नेमके त्याच फटीत भेटतात. सेमाफोर फाईलमध्ये नोड क्रमांक आणि वेळ लिहा. दहा मिनिटांहून जुनी फाईल बेवारस समजा, आणि बोर्ड सुरू करणाऱ्या बॅच फाईलमध्येही ती पुसण्याची ओळ ठेवा.

प्रश्न : फिडोनेटची, म्हणजे बोर्डांच्या जाळ्याची, नोडलिस्ट अद्ययावत करणारी आमची युटिलिटी दर जानेवारीत अडकते. वर्षभर नीट चालते.

उत्तर : नोडलिस्टचे एक्स्टेन्शन म्हणजे त्या शुक्रवारचा वर्षातला कितवा दिवस, तीन आकड्यांत. तुमचा प्रोग्रॅम ‘सर्वांत मोठे एक्स्टेन्शन ते सर्वांत नवे’ असे धरत असणार. २५ डिसेंबर २०२६ ची यादी नोडलिस्ट.३५९ आणि तिच्या पुढची, १ जानेवारी २०२७ ची, नोडलिस्ट.००१. मोठा आकडा निवडणारा प्रोग्रॅम ३५९ लाच धरून बसतो. फाईलची तारीख पाहून ठरवणेही धोक्याचे, कारण कॉपी करताना ती बदलते. पहिली ओळ वाचा. तिथे वार, महिना, दिवस, वर्ष आणि दिवसाचा क्रमांक दिलेला असतो. निवड त्यावरून करा.

नोडडिफ (मागच्या यादीपासूनचे बदल असलेली फाईल) लावण्याआधी एक सोपी खात्री करता येते : डिफची पहिली ओळ ही ज्या जुन्या यादीला ती लावायची त्या यादीच्या पहिल्या ओळीशी तंतोतंत जुळते. जुळली नाही तर एक आठवडा मधे राहिला आहे. तिथेच थांबा, कोणता अंक हवा ते लॉगमध्ये लिहा. पुढचे काम तीन आज्ञांचे आहे. ए आणि आकडा म्हणजे डिफमधल्या पुढच्या तेवढ्या ओळी नव्या यादीत घाला, सी म्हणजे जुन्या यादीतल्या तेवढ्या ओळी उतरवा, डी म्हणजे जुन्यातल्या तेवढ्या सोडून द्या.

तयार झालेल्या यादीचा सीआरसी तपासल्याशिवाय तिला खरे नाव देऊ नका. पहिल्या ओळीच्या शेवटी पाच आकडी दशमान संख्या असते. तो सीआरसी पहिली ओळ संपल्यापासून शेवटपर्यंतचा, कंट्रोल-झेड वगळून. तुमचे सीआरसीचे कोड बरोबर आहे का हे पाहायला ‘१२३४५६७८९’ हे नऊ आकडे साध्या आस्कीत द्या. उत्तर १२७३९ यायला हवे. १०६७३ आले तर पॉलिनॉमियल बरोबर आहे, पण सुरुवातीची किंमत ० ऐवजी ६५५३५ घेतली गेली आहे. लिनक्सवर संपादित झालेल्या यादीत ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न गेलेला असतो, आणि मग मजकूर अक्षरशः तोच दिसूनही सीआरसी चुकतो. तासभर कोड तपासण्याआधी हे पाहा.

नवी यादी तात्पुरत्या नावाने त्याच डिरेक्टरीत लिहावी, फाईल बंद करावी, सीआरसी जुळला की मग नाव बदलावे. डॉसमध्ये त्या नावाची फाईल आधीच असेल तर नाव बदलता येत नाही. म्हणून जुनीला आधी बॅक असे एक्स्टेन्शन द्या. दिवे गेले तरी डिस्कवर एक धड यादी नक्की उरते.

प्रश्न : आमच्या बुलेटिनमध्ये काही कॉलर्सची शेवटची भेट ‘१९१२६’ साली झालेली दिसते.

उत्तर : सी भाषेत टीएम रचनेतले वर्ष १९०० पासून मोजतात, म्हणून २०२६ साठी तिथे १२६ असते. कोणीतरी त्याच्या आधी ‘१९’ चिकटवले आहे. बेरीज करा, चिकटवू नका. दोन आकडी वर्ष लिहायचेच असेल तर १०० ने भागून बाकी घ्या. डोअर.सिसमधल्या (बोर्ड डोअरला, म्हणजे बोर्डातून उघडणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमला, कॉलरची माहिती देतो त्या फाईलमधल्या) तारखा महिना/दिवस/वर्ष अशा आठ अक्षरांत बसाव्या लागतात, ‘१२६’ आले की पुढचे मोजमाप सरकते.

दोन आकडी वर्ष वाचताना ८० ते ९९ म्हणजे १९००चे आणि ०० ते ७९ म्हणजे २०००चे, हा नियम कॉल्सच्या तारखांना चालतो. जन्मतारखेला तो लावू नका. १९५५ साली जन्मलेला कॉलर २०५५ साली जन्मणार असे ठरेल. जन्मवर्ष चालू वर्षाच्या पुढे जात असेल तर शतक मागे घ्या. ३२-बिट युनिक्स वेळ साठवत असाल तर १९ जानेवारी २०३८ ही तिची शेवटची तारीख आहे. नवा फाईल-नमुना ठरवत असाल तर आजच ६४ बिट घ्या.

प्रश्न : सोर्स गिटमध्ये ठेवल्यापासून आन्सी मेनूंच्या चौकटी तुटक्या दिसतात. कोड बदललेला नाही.

उत्तर : दोनपैकी एक गोष्ट झाली आहे, कदाचित दोन्ही. चौकटीच्या रेषा कोड पेज ४३७ मध्ये एकेका बाइटच्या असतात. आधुनिक एडिटरने फाईल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की प्रत्येक रेषेचे तीन बाइट होतात. ८० रकान्यांची ओळ फुटते ती इथे. दुसरे म्हणजे सेटिंगनुसार गिट ओळींचे शेवट आपोआप बदलतो, आणि आन्सी फाईलला तो साधा मजकूर समजला असेल तर त्यातही बदलतो. गिटअॅट्रिब्यूट्स फाईलमध्ये आन्सी आणि आस्की पडदे ‘बायनरी’ म्हणून नोंदवा. सोर्समध्ये रेषा अक्षर म्हणून टाइप न करता त्यांचा क्रमांक लिहा : आडवी १९६, उभी १७९. मग एडिटर कोणताही असो.

पडद्याच्या शेवटी तारीख किंवा ओळ जोडणारी युटिलिटी असेल तर सॉस रेकॉर्ड, म्हणजे पडद्याचे नाव, कर्ता वगैरे माहितीची नोंद, पाहा. तो फाईलच्या अगदी शेवटच्या १२८ बाइटांत असतो आणि ‘सॉस’ या पाच इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. त्याच्या आधी कंट्रोल-झेड असतो. त्यानंतर लिहिलेले कॉलरला दिसतच नाही. मजकूर कंट्रोल-झेडच्या आधी घालायचा.

प्रश्न : डोअर.सिस की डोअर३२.सिस? कोणती फाईल वाचावी?

उत्तर : दोन्ही, आधी डोअर३२. तिच्यात ११ च ओळी आहेत आणि पहिली ओळच सांगते की जोडणी लोकल (०), सीरियल (१) की टेलनेट (२). डोअर.सिस ५२ ओळींची, पण जुन्या बोर्डांवर काही वेळा कमी ओळींची निघते. ओळ सापडली नाही तर कोसळू नका, गृहीत किंमत घ्या. तिच्या १९ व्या ओळीतली उरलेली मिनिटे प्रत्येक डोअरने पाळली पाहिजेत. १४ व्या ओळीत कॉलरचा पासवर्ड असू शकतो. ‘डीबग’ चालू केल्यावर पूर्ण डोअर.सिस लॉगमध्ये उतरवणाऱ्या युटिलिटी अजून फिरतात. तुमची तशी असेल तर ती ओळ आजच गाळा आणि तेवढ्यासाठी नवी आवृत्ती काढा.

वेगाची ओळ वाचताना लाँगइंट वापरा. ३८४०० हा आकडा १६-बिट इंटिजरमध्ये उणे २७१३६ होतो, आणि ११५२०० वर्डमध्ये ४९६६४. टेलनेटवर वेगाला अर्थ नाही, पण बोर्ड तिथे काहीतरी आकडा लिहितोच, आणि डाउनलोडला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यावरून काढणारे कोड उणे मिनिटे दाखवते. लिनक्सवर फाईलचे नाव लहान-मोठ्या अक्षरांत दोन्ही प्रकारे शोधा.

प्रश्न : नवी आवृत्ती काढताना झिपमध्ये काय असावे? मागच्या वेळी लोकांची कॉन्फिग पुसली गेली.

उत्तर : झिपमध्ये कॉन्फिग फाईल तिच्या खऱ्या नावाने कधीही घालू नये. सिसॉप जुन्या डिरेक्टरीवरच उलगडतो आणि ‘सगळे ओव्हरराइट’ म्हणतो. ‘सॅम्पल’ असे नाव देऊन नमुना ठेवा. कॉन्फिगच्या पहिल्या ओळीत तिच्या स्वरूपाचा क्रमांक असू द्या. नव्या आवृत्तीत जे सेटिंग वाढले असेल ते जुन्या कॉन्फिगमध्ये नसणारच. त्याची गृहीत किंमत अशी ठेवा की प्रोग्रॅम कालच्यासारखाच वागेल. अनोळखी ओळ दिसली तर इशारा द्या, थांबू नका, म्हणजे कोणाला मागच्या आवृत्तीवर परत जायचे असेल तर जाता येईल.

फाईल_आयडी.डिझ, म्हणजे झिपमधली वर्णनाची फाईल, दहा ओळींच्या आत आणि ओळ ४५ अक्षरांच्या आत. बरेच बोर्ड त्यापुढचे कापतात, म्हणून नाव आणि आवृत्ती पहिल्याच ओळीत हवीत. झिपचे नाव आठ अक्षरांच्या आत आणि आवृत्ती त्यातच, जसे २.१३ साठी शेवटचे तीन आकडे २१३. डॉसवर वापरणारे असतील तर झिप साध्या डिफ्लेटनेच करा. नव्या पद्धतीने दाबलेली झिप पीकेअनझिप २.०४जी उघडू शकत नाही. ‘काय बदलले’ फाईलमध्ये सर्वांत वर ‘बॅच फाईलमध्ये काही बदलावे लागेल का’ याचे उत्तर हो किंवा नाही असे लिहा. बहुतेक सिसॉप तेवढेच वाचतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

बाहेर सोडण्याआधी ती झिप एका रिकाम्या डिरेक्टरीत आणि एका जुन्या, चालू सेटअपच्या प्रतीवर, अशी दोन्हीकडे उलगडून चालवा. दुसरी चाचणी वगळली की मागच्या वेळेसारखे होते.

प्रश्न : सोर्स मिळत नाही, मूळ लेखकाशी संपर्क होत नाही. ईएक्सई बदलून वाटली तर?

उत्तर : स्वतःच्या बोर्डावर चालवण्यापुरता एरर २०० चा पॅच ठीक. परवानगीशिवाय बदललेली ईएक्सई त्याच नावाने वाटू नका. त्यापेक्षा तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम लिहा : तीच कमांड लाइन, त्याच फाईली, तेच एररलेव्हल, नाव मात्र वेगळे. जुना आणि नवा एकाच यूझर फाईलच्या दोन प्रतींवर चालवून निघालेल्या फाईली बाइट-बाइट ताडून पाहा. महिनाभराच्या खऱ्या लॉगवर फरक शून्य आला की जुना काढायला हरकत नाही.

प्रश्न : जुन्या आवृत्त्या किती ठेवाव्यात?

उत्तर : सोर्स सगळ्या. डाउनलोडसाठी दोन : आत्ताची, आणि १६-बिट डॉसवर चालणारी शेवटची.